सुईने कर्करोग पसरत नाही. गडबड होते ती काचेवर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्यापुढे चारदा आला. एकदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा सोसायटीच्या, आणि दोनदा तर ज्यांची तपासणी मीच करणार होते अशा बायकांनी तो मोबाइल पुढे करून वाचायला दिला. मजकूर थोडक्यात असा: स्तनातल्या गाठीला सुई लावू देऊ नका, गाठ फुटते आणि कर्करोग अंगभर पसरतो. सुईच्या तपासणीत नक्की काहीच कळत नाही, पैशांसाठी पुन्हा पुन्हा टोचतात. साध्या रक्ततपासणीत सगळं समजतं. आणि गाठ दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठीतून पेशी काढायच्या, काचेच्या स्लाइडवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली वाचायच्या, हे माझं रोजचं काम. त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेते.

सुई लावली की कर्करोग पसरतो.

आधी सुई कोणती ते पाहा. एफएनएसी, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला ‘गाठीचं पाणी तपासणं’ म्हणतात, त्यासाठी 22 ते 25 गेजची सुई लागते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक). हातातून रक्त काढायला वापरतात तेवढी किंवा त्याहून बारीक. गाठ दोन बोटांत पक्की धरायची, सुई आत घालून काही सेकंद ती वेगवेगळ्या दिशांनी मागेपुढे हलवायची आणि बाहेर काढण्याआधी सिरिंजचा ओढा सोडायचा. मिळतं काय, तर सुईच्या मुळाशी जमलेला एखादा थेंब. बऱ्याचदा तोही नीट दिसत नाही.

ही भीती आजची नाही, आणि ती बाळगणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. 1930 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठी तपासण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांची सुई 18 गेजची, चांगली जाड होती. पुढे कित्येक वर्षं सर्जन मंडळींनाच ही शंका होती. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी बारीक सुई हाती घेतली आणि भरपूर रुग्णांवर वापरून दाखवली, तेव्हा कुठे ती रुळली.

सुईच्या वाटेवर काही पेशी सरकतात का? हो, कधी कधी सरकतात, जाड सुईच्या बायोप्सीत जास्त. ऑपरेशननंतर काढलेल्या भागात आम्हाला त्या दिसतातही. पण तपासणी आणि ऑपरेशन यांत जितके जास्त दिवस जातात, तितक्या त्या कमी सापडतात, कारण बहुतेक पेशी तिथे जगतच नाहीत. आधी सुईची तपासणी झाली म्हणून स्तनाच्या कर्करोगात बाईचं आयुष्य कमी होतं, असं दिसलेलं नाही. वृषणाच्या किंवा अंडाशयाच्या संशयित गाठीला आम्ही सहसा सुई लावत नाही, हे खरं आहे. त्या अवयवांची गोष्ट वेगळी. तो नियम स्तनाला लागू नाही.

‘सुई लावली आणि नंतर पसरला’ असं अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं कारण क्रमात आहे. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर पोचायला सुमारे तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि त्यात बहुधा वर्षं जातात. तपासणीत कर्करोग कळतो, मग स्कॅन होतो, मग कुठे कुठे गेलाय ते दिसतं. तो तिथे आधीपासूनच असतो.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या होत्या. गाठ बोराएवढी होती तेव्हाच त्यांच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली होती. असाच काही मजकूर वाचून घरच्यांनी नको म्हटलं. आठ महिन्यांनी माझ्यासमोर बसल्या तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही एक हाताला लागत होती. त्या आठ महिन्यांत त्यांना एकही सुई लागलेली नव्हती.

सुईच्या तपासणीत काही कळत नाही, म्हणून पुन्हा टोचतात.

इथे मात्र मला नीट बोलायला हवं, कारण यातल्या काही तक्रारी खऱ्या आहेत. फक्त दोष सुईचा नसतो, सुई बाहेर आल्यानंतरच्या दहा सेकंदांचा असतो.

तो थेंब स्लाइडवर सोडायचा, दुसरी स्लाइड हलकेच टेकवून पसरायचा. जोर जास्त पडला की पेशी चिरडतात आणि केंद्रकांचे नुसते जांभळे दोरे उरतात. हात रेंगाळला तर रक्त गोठतं आणि पेशी गुठळीत अडकतात. काही स्लाइड त्याच क्षणी 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, पॅप रंगासाठी. काही मुद्दाम हवेत वाळवायच्या, गिम्झासाठी. पहिल्या रंगात केंद्रकाची बारीक ठेवण दिसते, दुसऱ्यात पेशींभोवतालचा पदार्थ, म्हणून दोन्ही हव्यात. मे महिन्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर अल्कोहोलची बरणी हातभर लांब असली तरी उशीर होतो. बरणीत जाण्याआधीच वाळलेली पेशी फुगते, केंद्रक मोठं आणि धुरकट दिसतं. मग साध्या गाठीवर उगाच संशय येतो, नाहीतर काही वाचताच येत नाही. मी थेंब काचेवर सोडण्याआधी पंखा बंद करायला लावते. पेशंटला उकडतं, पण पर्याय नाही.

सोनोग्राफीखाली सुई लावली तर त्वचेवरची जेली आधी पुसावी लागते, नाहीतर तिचे कण स्लाइडवर जांभळे होऊन पेशींना झाकतात. नाव पेन्सिलीने लिहायचं, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि कोणाची गाठ कोणती ते कळेनासं होतं.

एकदा एका तालुक्याच्या दवाखान्यातून खोका आला. हवेत वाळवलेल्या सहा स्लाइड आणि त्यांच्याच शेजारी फॉर्मालिनची, म्हणजे ऊतीचे तुकडे टिकवून ठेवणाऱ्या द्रवाची बाटली, झाकण जरासं सैल. फॉर्मालिनच्या वाफेने सगळ्या स्लाइड निळसर-हिरव्या झाल्या होत्या, पेशींचा तपशील पुसलेला. त्या बाईंना एसटीने सत्तर किलोमीटर परत यावं लागलं, पुन्हा टोचून घ्यायला. पैशांसाठी टोचतात, असं त्यांना वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांची फसवणूक झाली नव्हती, हलगर्जीपणा झाला होता, आणि त्याचा मला आजही राग आहे.

सुईच्या रिपोर्टचे योकोहामा या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच गट असतात: अपुरा नमुना, साधी गाठ, असामान्य पेशी, कर्करोगाचा संशय, कर्करोग. ‘अपुरा’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, हे घरच्यांना मी दोन-दोनदा सांगते. नमुना पुरेसा म्हणायला किमान सात पुंजके आणि प्रत्येकात वीसेक पेशी दिसाव्या लागतात. चिवट, तंतुमय गाठ तेवढं कधी कधी देतच नाही. हाताला काय लागलं, सोनोग्राफी-मॅमोग्राफीत काय दिसलं आणि पेशी काय म्हणतात, या तिन्हींचा मेळ बसला नाही तर पुन्हा नमुना घेणं हीच योग्य वागणूक.

आणि कर्करोग निघाल्यावर जाड सुईची कोअर बायोप्सी का? सुट्या पेशींवरून तो दुधाच्या नळीतच आहे की भिंत ओलांडून बाहेर पडलाय, हे सांगता येत नाही. शिवाय ईआर, पीआर (कर्करोगाच्या पेशी हार्मोनला प्रतिसाद देतात का ते सांगणाऱ्या) आणि हर-टू (पेशींवरच्या एका प्रथिनाची) या तपासण्यांसाठी ऊतीचा तुकडा सर्वांत भरवशाचा. जागा बधिर करून, बहुधा 14 गेजच्या सुईने तो काढतात. तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये जायला हवा आणि 6 ते 72 तास त्यात राहायला हवा. यात चूक झाली तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि जिला हार्मोनच्या गोळ्यांचा फायदा झाला असता तिला त्या मिळतच नाहीत. तेव्हा विचारायचंच असेल तर हे विचारा: तुकडा फॉर्मालिनमध्ये किती वाजता गेला? फॉर्मवर ती वेळ लिहिली का?

रक्ततपासणीत सगळं कळतं.

नाही. ज्या सीए 15-3 या रक्ततपासणीचं नाव घेतात, ती मुख्यतः आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला वापरतात. लहान कर्करोगात ती अगदी नॉर्मल येऊ शकते आणि यकृताच्या आजारात कर्करोग नसताना वाढू शकते. गाठीचं निदान गाठीतूनच करावं लागतं.

दुखत नाही म्हणजे काळजी नाही.

चारांतलं सर्वांत घातक वाक्य हे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा पाळीच्या चक्राशी जोडलेल्या किंवा गळवाच्या निघतात. आलेली प्रत्येक गाठ दाखवायचीच, पण टणक, न दुखणारी, हाताखाली न सरकणारी गाठ लागली तर याच आठवड्यात दाखवा, आणि डॉक्टरांनी सुई सांगितली तर लावून घ्या.