भाच्याचे गार्ड्समन आणि एका गृहस्थांची एक्सेल शीट

डोकं तापलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

आज 12 वर्षांच्या भाच्याला वॉरहॅमर 40,000 (छोटे प्लास्टिकचे सैनिक टेबलावर मांडून, फासे टाकत लढाई खेळायचा खेळ) खेळायला पहिल्यांदाच घराबाहेर नेलं. त्याने डबा उघडून स्वतः रंगवलेले गार्ड्समन, म्हणजे लासगन नावाची हलकी बंदूक धरलेले साधे शिपाई, मांडले, तोच शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी फोनवर कुठल्या बंदुकीला किती गोळ्या लागतात याची एक्सेल शीट काढून त्याच्यासमोर धरली. "बेटा, लासगनने कोणी मरत नाही. मरीन घे." मरीन म्हणजे जाड चिलखतातला भारी सैनिक. पोरगं रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोललं नाही.

शीटमधलं गणित बरोबर आहे, मान्य. खेळाच्या दहाव्या आवृत्तीत लासगनची गोळी 4+ ला (फाशावर 4 किंवा जास्त पडलं तर) लागते, मरीनला 5+ ला जखम करते आणि त्याचं चिलखत 3+ ला ती अडवतं. 18 गोळ्यांमागे एक जखम. मरीन दोन जखमांनी पडतो, म्हणजे सरासरी 36 गोळ्या. टाऊ या परग्रहवासी सैन्याच्या पल्स रायफलला 18 लागतात, मरीनच्या बोल्ट रायफलला 12. संपला विषय?

अजिबात नाही! गेल्या दिवाळीत आमच्या जेवणाच्या टेबलावर ऑब्जेक्टिव्हवर (ताब्यात ठेवायच्या जागेवर) माझा शेवटचा मरीन उभा होता, एकच जखम शिल्लक. भाच्याकडे नऊ लासगन. हुकुमाशिवाय जागेवरून झाडल्या असत्या तर नऊ गोळ्या, मरीन पडण्याची शक्यता साधारण 40 टक्के. त्याने टेप लावला, पथक पुढे सरकवून 12 इंचांच्या आत आणलं, तिथे प्रत्येकाला दोन गोळ्या. वर खेळीच्या सुरुवातीलाच दिलेला ऑफिसरचा हुकूम, "फर्स्ट रँक फायर, सेकंड रँक फायर!" तिसरी गोळी. नवाच्या 27 झाल्या, शक्यता 80 च्या जवळ. माझा मरीन पडला. हे त्या शीटच्या कुठल्या रकान्यात येतं?

आणि प्रत्येक शीटमध्ये समोर मरीनच का उभा असतो? ऑर्क उभा करा, हलक्या चिलखताचा परग्रहवासी. लासगनला 9 गोळ्या, पल्स रायफलला 6. दुपटीचा फरक दीडपटीवर आला. पल्स रायफल तर बोल्ट रायफलच्या पंगतीला जाऊन बसली. साध्या शिपायाचा नेम कुणासमोर आणि किती इंचांवरून, हे न सांगता त्याला कचरा ठरवायचं? तेही लहान मुलाच्या तोंडावर?

हो, मरीन लांबूनही दोन गोळ्या झाडतो, गार्ड्समन एकच. पण सैन्य निवडताना त्याला पॉइंटही जास्त मोजावे लागतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ही प्लास्टिकची माणसं महाग असतात, पोराचे पैसे वाया जाऊ नयेत असं त्या गृहस्थांना वाटलं असेल. पण दिवाळीत टेप धरून टेबलावर ओणवा झालेला तो मुलगा त्यांनी पाहिलेला नाही. मी पाहिलाय. श्वास रोखून इंच मोजत होता.

आत्ता ताईला फोन केला. डबा कपाटावर ठेवून झोपलाय म्हणे. रविवारी मी ऑर्क घेऊन जातोय.