‘तोफा सोडा, बॉम्बर घ्या’ म्हणे!

गेले तीन रविवार माझा भाचा ‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटावरच्या खेळात जर्मनी घेऊन बसतो आणि एकही तोफ विकत घेत नाही. कारण विचारलं तर मोबाइल नाकासमोर. सगळीकडे फिरत असलेला एक फॉरवर्ड, मथळा ‘तोफा सोडा, बॉम्बर घ्या’. त्यात चार मुद्दे: बॉम्बरचा मारा ४ आणि तोफेचा २, म्हणून बॉम्बर दुप्पट, बॉम्बर सहा घरं जातो, तोफ एकच, फॅक्टरीवर बॉम्ब टाकत राहा, समोरचा कंगाल होतो, आणि खरं दुसरं महायुद्धही बॉम्बरनीच जिंकलं. या पोराच्या आजोबांची हयात नागपूरच्या अंबाझरी ऑर्डनन्स फॅक्टरीत तोफगोळ्यांची कवचं बनवण्यात गेली. त्यांचा नातू म्हणतो, ‘मामा, तोफ आउटडेटेड आहे.’

काहून बे आउटडेटेड?

पहिला मुद्दा सगळ्यात बिनडोक, आणि त्यानेच घात केलाय. फॉरवर्डवाल्याने मारा सांगितला, किंमत खाल्ली. आम्ही खेळतो त्या १९४२ च्या दुसऱ्या आवृत्तीत बॉम्बर १२ आयपीसींना (आयपीसी म्हणजे खेळातले पैसे), तोफ ४ ला, पायदळ ३ ला. म्हणजे एका बॉम्बरच्या पैशात तीन तोफा. शिवाय तोफ एकटी मारत नाही. हल्ल्यात सोबतच्या एका पायदळाचा मारा १ वरून २ वर नेते. हे तर फॉरवर्डमध्ये नावालाही नाही.

हिशोब करू. ३६ आयपीसींत तीन बॉम्बर येतात. तीन फासे, ४ किंवा कमी पडलं की नेम बसला. एका फेरीत सरासरी २ नेम. ३५ आयपीसींत पाच तोफा आणि पाच पायदळं येतात. दहा फासे, सगळे २ वर, सरासरी ३.३३ नेम. वर तीन मार खाल्ले की बॉम्बरवाला संपला, तोफवाल्याकडे अजून सात सोंगट्या उभ्या. बचावात तर विचारूच नका. बॉम्बरचा बचाव १, म्हणजे तिघांचा मिळून अर्धा नेम. तोफा-पायदळाचा तोच ३.३३.

गेल्या रविवारी भाच्याने तिन्ही बॉम्बर पोलंडमध्ये उतरवले, पहाऱ्याला एक पायदळही नाही. मी चार पायदळं आणि दोन तोफा घेऊन शिरलो. माझं एक पायदळ गेलं. २० आयपीसींच्या फौजेने त्याचे ३६ गिळले, पोलंड मिळालं ते वेगळंच. आणि हा म्हणतो, फासे वाईट पडले!

सहा घरांचं म्हणाल तर त्यात परतीचा प्रवास धरलेला असतो, हे फॉरवर्डवाला विसरला की त्याला ठाऊकच नव्हतं, देव जाणे. तीन घरं गेलात तर परतीला तीनच उरतात. त्याच पाळीत जिंकलेल्या प्रदेशात उतरता येत नाही. आणि विमान प्रदेश जिंकत नाही. बचावाची शेवटची सोंगटी मेली तरी झेंडा रोवायला जमिनीवरचंच कुणीतरी लागतं.

फॅक्टरीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. प्रत्येक बॉम्बरवर फॅक्टरीची विमानविरोधी तोफ एक फासा टाकते, १ पडला की बॉम्बर गेला. म्हणजे दर खेपेला सरासरी २ आयपीसींचं नुकसान. वाचलेला बॉम्बर सरासरी ३.५ चं नुकसान करतो, सहात पाच वेळा; म्हणजे सुमारे २.९. फायदा उरला एक आयपीसीच्याही आत, तोही समोरच्याने लढाऊ विमानं अडवायला उठवली नाहीत तर. यात कंगाल कोण होतो? समोरच्याच्या हातातले पैसे जातच नाहीत. त्याला दुरुस्तीला पैसे घालावे लागतात, तेही हवे असतील तेवढेच.

आता खऱ्या युद्धाचं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या मंत्रिमंडळ सचिवालयातल्या डी. एम. बट यांनी जून-जुलैतल्या रात्रीच्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यांचे सहाशेंवर फोटो तपासून अहवाल दिला. ज्या विमानांनी लक्ष्यावर हल्ला केल्याचं कळवलं होतं, त्यांपैकी तिघांत एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. जर्मनीतल्या रूरच्या औद्योगिक पट्ट्यात तर दहांत एक. पाच मैल म्हणजे नेम नागपूरच्या सीताबर्डीवर धरायचा, बॉम्ब वाडीच्या आसपास पडायचा आणि तरी तो ‘जवळ पडला’ म्हणून मोजायचा. पुढे यंत्रणा सुधारली, १९४४ मध्ये तेलाच्या कारखान्यांवरचे हल्ले जर्मनीला जबर लागले, हे खरं. पण त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतला मोंते कासिनोचा मठ दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बरनी जमीनदोस्त केला, तेव्हा जर्मन सैनिक त्याच ढिगाऱ्यात शिरून बसले. दोस्तांच्या बाजूचे पोलिश सैनिक तिथे पोचले १८ मेला, पायांनी.

बॉम्बर घेऊच नये असं मी म्हणत नाही. तो जहाजांवर हल्ला करतो, तोफ करू शकत नाही. एक बॉम्बर नुसता उभा असला तरी समोरच्याला चार ठिकाणी पहारा ठेवावा लागतो. येत्या रविवारी भाच्याकडे जपान आहे. त्याला सांगितलंय, घे एक बॉम्बर. एकच.