खाडीच्या चिखलाचा यूडीएस कसा काढावा

शुक्रवारी उरणकडच्या एका साइटवरून आमच्या माती तपासायच्या लॅबला सहा यूडीएस, म्हणजे न हलवता काढलेल्या मातीच्या नमुन्यांच्या (अनडिस्टर्ब्ड सॅम्पल), ट्यूब आल्या. पाच उघडल्या. दोनमधून आधी पाणीच आलं, एकीतला नमुना ट्रेमध्ये काढला तर श्रीखंडासारखा पसरला. वर साइटवाल्यांचा फोन, "मॅडम, सोमवारी रिपोर्ट हवाय हं." तर म्हटलं तुम्हालाही कधी मऊ मातीचं सॅम्पलिंग करायची वेळ आली तर चार गोष्टी माहीत असाव्यात.

ट्यूब जाडच घ्या. पातळ ट्यूब वाकते, परत वापरता येत नाही, नुसता खर्च. आयएस 2132 मध्ये पातळ भिंतीच्या ट्यूबचं काय काय लिहिलंय ते असू दे, कोण वाचतं. या आलेल्या ट्यूबला मी व्हर्नियर लावला, बाहेरून 100 मिमी, आतून 88, म्हणजे एरिया रेशो (ट्यूबच्या धातूचं क्षेत्रफळ भागिले आतल्या नमुन्याचं) 29 टक्के. चांगल्या नमुन्याला हा 10च्या आसपास असावा असं व्होर्स्लेव्ह 1949 पासून सांगतायत, पण घाई कसली. एवढं जाड लोखंड घुसताना तिथली माती जाणार कुठे, थोडी बाजूला आणि थोडी तुमच्या नमुन्यात, सोबत आतला गंज फुकट.

कटिंग एजला धार? छे, मागच्या साइटवर खडकावर आपटून बोथट झाली तीच बरी.

आता मुख्य गोष्ट, ट्यूब दाबायची नाही, ठोकायची. एसपीटीचा (ठोके मोजून माती किती घट्ट ते बघायची चाचणी) 63.5 किलोचा हॅमर तिथे आहेच, 75 सेंमीवरून सोडा, जाईल खाली. आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, साइटवाल्यांच्याच बोअरलॉगमध्ये (बोअरच्या नोंदीत) साडेसात मीटरला लिहिलंय की रॉड स्वतःच्या वजनाने खाली गेला, एन (एसपीटीच्या ठोक्यांचा आकडा) शून्य, आणि त्याच्याच खालच्या ओळीत यूडीएस, 22 ब्लो! अहो, जिथे नुसता रॉड बुडतोय तिथे 22 ब्लो कशाला? ट्यूबच्या हेडमधल्या बॉल व्हॉल्व्हमध्ये चिखल अडकलेला, वरचं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून ट्यूब जात नाही, म्हणून हाणा. हेड उघडून धुवायला किती वेळ लागतो? मऊ क्लेला एकदा असं हादरवलं की तिची रचना मोडते, पोअर प्रेशर (मातीतल्या पाण्याचा दाब) वाढतं, मग ती जमिनीत कशी होती हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. मऊ माती न हलवता काढणाऱ्या पिस्टन सॅम्पलरचं नाव काढलं तर "मॅडम, त्या रेटमध्ये परवडत नाही."

ट्यूब गेली की लगेच उपसा, पाच-दहा मिनिटं थांबून मग फिरवून काढणारे लोक रिकामटेकडे असतात.

मेणाऐवजी चिंध्या भरा, वर सेलोटेप.

टेम्पोत आडव्या टाका, वर स्टेपनी.

एवढं सगळं नीट पार पडलं की लॅबमध्ये मजा बघा. ई-लॉग पी कर्व्ह (दाब वाढवला की माती किती दबते तो) सरळ उतरतो, प्रीकन्सॉलिडेशनचा (मातीने आधी सोसलेल्या दाबाचा) बाक शोधूनही सापडत नाही. जागेवरच मातीची ताकद मोजणाऱ्या फील्ड व्हेनला 16 किलोपास्कल, आमच्या लॅबमधल्या यूयू चाचणीला 5. आणि विचारतात काय, "व्हेनवाल्याचं चुकलं असेल का?"

नाही. व्हेनवाल्याचं काही चुकलेलं नाही. पाचव्या ट्यूबमध्ये मातीवर बोटांचे ठसे होते. चार बोटं, स्पष्ट. एसपीटीच्या स्प्लिट स्पूनमधली (ठोकून घालायच्या जाड नळीतली) माती काढून ट्यूबमध्ये हाताने कोंबलीय, ज्या स्पूनचा एरिया रेशोच 110 टक्के, आणि लेबलवर "अनडिस्टर्ब्ड". लाज कशी वाटत नाही? या आकड्यांवर कुणीतरी भराव घालणार, पीव्हीडी (मातीतलं पाणी काढायचे उभे ड्रेन) किती अंतरावर मारायचे ते ठरवणार, आणि तो खचला की म्हणणार उरणची मातीच वाईट. नमुना मिळाला नाही तर "रिकव्हरी नाही" असं लिहा, त्यात कमीपणा नाही, पण हे असलं भरून पाठवू नका.

सहावी ट्यूब मी उघडलेली नाही. लॅबच्या दारात ठेवलीय, घेऊन जा. माझी सही मिळणार नाही.