कपाशीवाल्यांसाठी हंगामपूर्व मार्गदर्शन

मृग तोंडावर आला की घरचं बियाणं ही जुनाट कल्पना आधी डोक्यातून काढा. आजोबा सरकी राखून ठेवायचे, म्हणून तर मागास राहिले. तुम्ही बीटीचं (म्हणजे जनुक बदलून झाडातच बोंडअळीचं विष तयार होणाऱ्या कपाशीचं) ४७५ ग्रॅमचं पाकीट घ्या, दरवर्षी घ्या, नऊशेच्या आसपास मोजून घ्या. हवा तो वाण 'शॉर्ट' असेल, तर कृषी केंद्रवाला सोबत जे खत गळ्यात मारेल तेही गुमान उचला.

पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, ती बांधावर फेकलीत हे उत्तम केलंत. कडेने साधी कपाशी लावा, तिथले पतंग बीटीतून वाचलेल्या चिवट पतंगांशी जुळतील आणि विषाला सरावलेली जात लवकर माजणार नाही, असं शास्त्र होतं म्हणे. तीन एकरवाल्यानं अळीसाठी वावर सोडायचं? शिवाय हे बांधावर येऊन समजावण्याची तसदीही फारशी कुणी घेतली नाही. २००२ साली बीटी आलं, २००६ साली दोन जनुकांचं बोलगार्ड-२, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवलं. अळीला लागू पडो न पडो, तुम्ही पैसे मोजत राहा.

मग फवारणी आलीच. (बीटीमुळे फवारणी वाचणार होती, ते आता उकरून काढू नका.) २०१७ साली यवतमाळात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यावर मास्क आणि हातमोजे न घातल्याचा ठपका मेलेल्यांवरच ठेवायची सोय असते. तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा चढवून फवारा, म्हणजे निदान तेवढा ठपका तरी टळेल.

अजूनही हौस फिटली नसेल तर तणनाशक सोसणारं 'चोर बीटी' आहेच. सरकारनं मंजुरी दिलेली नाही, पण गावात मिळतं. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघड पेरून दाखवलं. बिचाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, निंदणाला मजूर परवडत नाही. तणनाशक मारलं की तण जातं, ओळीतली तूर आणि मूगही जातात, आणि निंदणाऱ्या बायांची मजुरीही. घरात वरणाला डाळ विकत आणायची, एवढंच. त्या बायांनी काय करायचं, हे मात्र आमच्या पत्रकात छापलेलं नाही.

या चोर बीटीचं पाकीट घेताना बिल मागू नका, मिळणार नाही. त्यावर कंपनीचं नाव नसतं की लॉट नंबर, त्यामुळे उगवलं नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करायची हा प्रश्नच मिटतो.