काळी चार आणि वजा चार

कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटतं आणि खाली माझ्या घरात माझं रक्त. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कीबोर्ड असलेला माणूस मी एकटाच. त्यामुळे सेक्रेटरीकाका नोटीस बोर्डावर ‘साथसंगत’ या शब्दापुढे माझा फ्लॅट नंबर परस्पर लिहून मोकळे होतात. मला कळतं ते जिन्यात, शेजाऱ्यांकडून. लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद असते. मग 61 पट्ट्यांचं ते धूड आधी वर न्यायचं, मग स्टँड, मग अडॅप्टर, आणि अडॅप्टर खालीच राहिला म्हणून पुन्हा एकदा मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अरेंजर कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकत्र, धरला, की आतला अख्खा बँड, ड्रम, बास, गिटार, त्या कॉर्डमागे धावतो. उजव्या हाताने आपण चाल वाजवायची. सुरुवातीला इंट्रोचं बटण, मध्ये फिलचं, म्हणजे ड्रमच्या छोट्या तुकड्याचं, शेवटी एंडिंगचं. थोडक्यात, गाण्याचा मालक डावा हात, अशी त्या कंपनीवाल्यांची समजूत आहे. आमच्याकडे गाण्याची मालकीण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.

“पट्टी कोणती काकू?”

“काळी चार. नेहमीचीच.”

इथपर्यंत यंत्राचा मी ऋणी आहे. ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, वजा चार केलं, की बोटं पांढऱ्या एकवर आणि आवाज काळी चारचा. पेटीवाल्यांनी याला लबाडी म्हणावं, माझी हरकत नाही. गाणं सुरू झालं, केहरवा लागला, काकूंनी मुखडा घेतला आणि दुसऱ्या ओळीनंतर, कुणालाही न सांगता, डोळे मिटून आलाप घेतला.

तबलजी असता तर त्याने मान वर करून काकूंच्या भुवईकडे पाहिलं असतं, ठेका हलका केला असता आणि काकू परत आल्यावर समेवर भेटला असता. कीबोर्डाला भुवया दिसत नाहीत. तो आठ-आठ मात्रा मोजत पुढे निघून गेला. काकू तिसऱ्या मात्रेवर परतल्या. मी घाईने फिल दाबला, त्यामुळे गोंधळात ड्रमची एक फेरी वाढली, एवढंच.

काकूंना मुखडा शेवटी दोनदा घ्यायची सवय. मी पहिल्यालाच एंडिंग दाबलं. आत बसलेल्या कुणा ट्रम्पेटवाल्याने लग्नाची वरात पोचल्यासारखा शेवट केला, झांज वाजली, शांतता झाली आणि त्या शांततेत काकू एकट्याच दुसरा मुखडा गात राहिल्या. कंपनीवाल्यांनो, तयार ठेक्यांच्या स्टाइली शेकड्यांनी दिल्यात, आभारी आहे. एक बटण द्या: ‘थांब, बाई गातायत’.

मग माझी चूक. पुढचे गायक जोशीकाका, त्यांची पट्टी पांढरी दोन. मी ऐटीत थेट पांढऱ्या दोनवरून सुरुवात केली. स्क्रीनच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, वजा चार अजून तसंच होतं. काका बिचारे शिस्तीचे. जो सूर मिळाला तो धरून ते गाऊ लागले आणि दुसऱ्या ओळीला आवाजाने बेसमेंटच्या पार्किंगमध्ये पोचले. ट्रान्सपोज चालू असताना एखादा ढळढळीत लाल दिवा लागायला काय जातं? गीझरलासुद्धा असतो.

तिसऱ्या गाण्यात सतार हवी होती. 1991 साली इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी ‘जनरल मिडी’ नावाची 128 आवाजांची यादी ठरली, माझ्या जुन्या कीबोर्डात त्याच क्रमांकांनी ती आहे. त्यात सतार 105 वर आणि शहनाई 112 वर आहे, तबला किंवा ढोलकी कुठेही नाही. शेवटी मात्र 125 ला टेलिफोनची घंटा, 126 ला हेलिकॉप्टर आणि 128 ला बंदुकीचा बार. अंधारात माझं बोट शून्याऐवजी दोनवर पडलं. आलापीच्या जागी घंटा वाजली आणि पुढच्या रांगेतल्या चौघांनी एकदम खिसे चाचपले. दिवा असलेली बटणं मी केव्हापासून मागतोय ते यासाठी.

वायरीचं दुःख निराळंच. पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत विचारलं, “याची पिन निसटणार नाही असा अडॅप्टर आहे का?” उत्तर मिळालं, “निसटली की परत लावायची.” तर्कात खोट काढता येत नाही. पण पिन निसटली की बँड जागच्या जागी मरतो, आणि परत उठतो तेव्हा त्याला ना काळी चार आठवते ना सतार.

मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, तर बोलूच नका. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली, तिच्यावरचा एक मोठा आक्षेप हाच की तिला मींड येत नाही. आमच्या यंत्राला येते, त्यासाठी चाक आहे, पण ते बसवलंय डाव्या टोकाला. आणि डावा हात नेमका त्याच जागी कॉर्ड बदलत असतो. तिसरा हात लागतो. अरबी संगीतवाल्यांना पाव सूर उतरवायचा होता, कोर्ग या कीबोर्ड कंपनीने त्यांना तशी सोय दिली. नाही म्हणायला यामाहाने खास भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय 500 मध्ये तबला-तानपुऱ्यासह रियाजाची सोय आहे. पण दादरा मागितला की आम्ही अजूनही वॉल्ट्झला, म्हणजे तीन मात्रांच्या पाश्चात्त्य ठेक्याला, त्याचा मावसभाऊ मानणारी माणसं. चालवून घेतो. आणि चालवून घेणाऱ्याला कोण विचारतो?

दहाला स्पीकर बंद झाला. मी वायर गुंडाळत होतो. काकू मसाला दुधाचा पेला घेऊन आल्या.

“छान झालं हो. फक्त पुढच्या वर्षी जरा आधी सांगून ठेवा, मी मुखडा दोनदा घेते म्हणून.”

“अहो काकू, मला माहीत आहे.”

“तुम्हाला नाही हो,” त्या कीबोर्डकडे बोट दाखवत म्हणाल्या, “त्याला.”