गरोदर बाईने माउथवॉश वापरूच नये?

सोलापुरात बायकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘पोटुशी असताना आणि अंगावर पाजताना माउथवॉशची एक चूळही भरू नका. औषध बाळाच्या रक्तात जातं, दूध विषारी होतं. त्यापेक्षा मशेरी लावा.’ मी दातांची डॉक्टर आहे. हे वाचून बायका लिहून दिलेलं औषध बंद करतात, म्हणून उत्तर देतेय.

‘बाळाच्या रक्तात जातं.’ हिरड्या सुजल्या की आम्ही बहुतेक वेळा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश देतो. ते दातांना आणि हिरड्यांना चिकटून राहतं, रक्तात नगण्य उतरतं. थोडं गिळलं गेलं तरी आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. १० मिली तोंडात घ्या, मिनिटभर खळखळवा, थुंका. ब्रश आणि गुळणी यांत अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमुळे औषधाचा जोर कमी होतो. सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांच्या पुढे चालवू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर मात्र लगेच थांबवून दवाखाना गाठा. क्वचित ॲलर्जी होते.

‘दूध विषारी होतं.’ आईच्या रक्तातच जवळपास उतरत नाही, तर दुधात कुठून येणार? पाजणं थांबवू नका, दूध पिळून टाकू नका.

मेसेज सगळ्या बाटल्या एकाच मापाने मोजतो, खरा धोका तिथे आहे. घसा धरला की गुळण्यांसाठी घरातली लालसर तपकिरी बेटाडिनची बाटली काढली जाते. तिच्यातलं आयोडिन शोषलं जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं, दुधातही उतरतं आणि बाळाच्या थायरॉइडला त्रास देऊ शकतं. या काळात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती नकोच. अल्कोहोल असलेलं माउथवॉशही टाळा. लेबलावर औषधाचं नाव वाचूनच बाटली घ्या.

आणि मशेरी! या सल्ल्याचा मला संताप येतो. विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखू हाताशीच असतो. बोटावर चिमूटभर काळी पूड घेऊन बायका हिरडीवर घासत बसतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिचं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळाकडे जातं. बाळ कमी वजनाचं जन्मतं. दुधातही ते उतरतं.

गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून ब्रश सोडू नका. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. दात किडला असेल तर बाळंतपणाची वाट बघू नका. चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार करून घेणं सगळ्यात सोयीचं. खुर्चीत बसण्याआधी कितवा महिना आहे ते सांगा.