शांत आगमनकाळाचा हेवा करू नका

नोव्हेंबर संपत आला की आमच्या वसईच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटतो. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, लागतो न लागतो तोच नाताळच्या पार्ट्या कशाला? डीजे कशाला? गोठ्यांच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांच्या, स्पर्धेत बाळ येशूपेक्षा लायटिंगला भाव का? यंदा काकांनी त्यात भर घातली. "जर्मनीत बघा, चार मेणबत्त्या आणि शांतता. भक्ती असावी तर अशी." जर्मनीत राहणारा घरातला मी एकटाच, म्हणून साक्षीलाही मलाच उभं केलं.

साक्ष द्यायची तर पूर्ण देतो. पहिली गोष्ट, इथली शांतता वाटते तेवढी शांत नाही. नाताळची मसालेदार बिस्किटं सप्टेंबरातच दुकानात येतात. आगमनकाळ लागला की चौकाचौकांत बाजार भरतो आणि लोक गरम मसालेदार वाइनचे मग हातात धरून रात्रीपर्यंत गप्पा मारतात. काकांच्या त्या चार मेणबत्त्यांची, आगमनकाळात दर रविवारी एकेक वाढवत पेटवतात त्यांची, गोष्टही गमतीची आहे. ही प्रथा मुळात आम्हा कॅथलिकांची नाहीच. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा आश्रम चालवणारे प्रोटेस्टंट पाळक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ साली ती सुरू केली. नाताळला किती दिवस उरले असं मुलं रोज विचारायची, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, असं सांगतात. म्हणजे मुळात हा सगळा खटाटोप उतावळ्या पोरांसाठी होता. आमच्या चर्चमध्ये ती विसाव्या शतकात आली.

तरीही काकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. इथे आगमनकाळात पहाटेची एक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असते, 'रोराते' म्हणतात तिला. बाहेर मिट्ट काळोख, चर्चमधले दिवे बंद, प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती. मेण हातावर ओघळू नये म्हणून तिला खाली पुठ्ठ्याची गोल चकती लावलेली. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वाचन त्या उजेडात ऐकताना अंगावर काटा येतो. मिस्सा झाली की शेजारच्या हॉलमध्ये पाव, लोणी, जाम आणि कॉफी. पण त्या टेबलाभोवती नजर फिरवली की दिसतात ती बहुतेक पिकलेली डोकी. वेदीसेवा करायला एकच मुलगी. मिस्सा अर्पण करणारे फादर केरळचे. ते नसते तर पहाटेची ही मिस्सा कोणी केली असती, देव जाणे.

आकडे बोलके आहेत. २०२२ साली या देशात पाच लाखांहून जास्त लोकांनी सरकारी कचेरीत जाऊन कॅथलिक चर्च सोडत असल्याचं लिहून दिलं. २०२४ मध्येही सव्वातीन लाखांच्या आसपास गेले. जे उरले, त्यांतले रविवारी मिस्साला येतात ते २०२४ मध्ये ६.६ टक्के. जर्मनीतल्या आमच्या राज्यात आयकराच्या आठ टक्के चर्चकर पगारातूनच कापला जातो. त्यामुळे छप्पर गळत नाही, ऑर्गन वेळच्या वेळी दुरुस्त होतो, हिटर चालतो. बाकं मात्र रिकामी. १ जानेवारी २०२६ पासून फ्रायबुर्गच्या महाधर्मप्रांतातल्या हजारावर पॅरिश, म्हणजे एकेका चर्चचे स्थानिक विभाग, मिळून फक्त ३६ झाल्या. आमचीही त्यातलीच. पॅरिश म्हणून २०२५ चा आगमनकाळ तिचा शेवटचा ठरला. एका रविवारी याची घोषणा झाली तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. काकांना हवी असलेली शांतता ती हीच.

आता वसईचं बघा. गोठा करणारी पोरं कोण असतात? वर्षभर मिस्साला चर्चच्या बाहेर झाडाखाली उभी राहणारी, प्रवचन सुरू झालं की मोबाइल काढणारी. तीच पोरं डिसेंबर लागला की बांबू आणतात, पेंढा मागायला घरोघर फिरतात, डोंगराची हिरवळ दिसावी म्हणून दोन आठवडे आधी ताटलीत नाचणी पेरतात आणि ती उगवेपर्यंत रोज पाणी शिंपडतात. वाट पाहणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आगमनकाळ हा ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखा नाही. भक्तिभावाने आणि आनंदाने वाट पाहण्याचा काळ, असंच चर्चचे नियमही सांगतात. दोन्हींत फादरांचा जांभळा पोशाख बघून आपण मात्र दोन्ही काळ एकाच मापाने मोजतो. आगमनकाळ आनंदाचा, म्हणून तर त्याच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग असतो. काकांनी एकदा फादरांना विचारावं.

डीजेची बाजू मी घेत नाही. रात्री अकराला भिंती हादरवणाऱ्या स्पीकरमध्ये आनंद कसला! स्पर्धेची बक्षिसंही मला खटकतात. रोख रक्कम आली की शेजारच्या आळीचा गोठा बघायला पोरं भक्तीने जात नाहीत, हेरगिरी करायला जातात.

पण यावर उपाय म्हणून ग्रुपवर जे सुचवलं जातंय, म्हणजे तरुणांचे कार्यक्रम बंद, गोठ्याची परवानगी बंद, ते करू नका. नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. पार्ट्या त्या दिवसांत ढकला, तेव्हा त्यांना कोणी नावं ठेवणार नाही. गोठ्याच्या पोरांना आगमनकाळातल्या एका रविवारी वाचन द्या. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली ऐकायला, बसणाऱ्या फादरांनी एका संध्याकाळी चर्चमधून उठून गोठ्यापाशीच खुर्ची टाकावी. पोरं लाजतील, एकमेकांना ढकलतील, पण एखादा तरी बसेल.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर काकांचं उत्तर आलं, "तुला तिकडे बसून काय कळतंय?" नाचणी पेरली का, एवढं मी पुतण्याला वेगळा मेसेज करून विचारून घेतलं. म्हणाला, पेरलीय, पण यंदा कोंबड्या फार झाल्यात.